बनावट ठरलेल्या बाया

भाद्रपद संपत आला की रायपूरला एक चिकट ऊन पडतं. पाऊस गेला असं म्हणवत नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही. अभनपूरच्या रस्त्याला दुतर्फा धान पोटरीला आलेलं असतं, बांधांवर काशीचे पांढरे तुरे हलत असतात. आमच्या बुढापाऱ्यात तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला शेवाळाचा वास असतो. नवरात्राचे मांडववाले गल्लीच्या तोंडाशी बांबू टाकून जातात आणि स्कूटरवाले त्यांच्या नावानं बोटं मोडत वाट काढतात. दरवर्षीचंच आहे हे. पण या वर्षी ते ऊन अंगावर आलं आणि सगळ्यात आधी आठवला तो गेल्या वर्षीचा राग. वर्षभर तो कुठं गेलाच नव्हता. फडताळात मागं सरकवलेल्या हिंगाच्या डबीसारखा जिथल्या तिथं होता, झाकण जरा सैल झालं की घरभर.

हा आमचा भुलाबाईचा महिना. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुली मातीची भुलाबाई मांडतात, घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. ज्या घरी गाणी त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते, कानाशी हलवून दाखवते, आणि आत काय आहे ते पोरींनी सांगायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. चुकलं तर पुन्हा सांगायचं, पुन्हा चुकलं तर पुन्हा. कोणी ओळखो न ओळखो, खाताना सगळ्यांच्या तळहातावर सारखंच पडतं. लहानपणी माहेरी यवतमाळला मी शंभरदा चुकले असेन. चुकल्याबद्दल कोणी माझ्या वाट्याचा एक फुटाणाही कमी केला नाही.

लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा इथल्या मराठी घरांमध्ये भुलाबाई होती. मखराला ज्वारीची ताटं मिळत नसत, सारा मुलूख धानाचा, म्हणून आम्ही मक्याची ताटं बांधायचो. मग पोरी क्लासला जायला लागल्या. आईनं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायला लागल्या. हळूहळू गाणी साठीच्या पुढच्या बायांच्या तोंडी तेवढी उरली. ती तरी राहावीत म्हणून आम्ही दोघांनी रेडिओ काढला.

रेडिओ म्हणजे इंटरनेटवरचा. हे रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि आयुष्यभर सिग्नलच्या तारांशी झटापट केल्यामुळं हातांना स्वस्थता नव्हती. त्यांनी मागच्या खोलीच्या खिडकीला गादी उभी केली, माइकला त्यांचाच एक जुना पायमोजा घातला, आणि नाव ठेवलं ‘माजघर रेडिओ’. दुपारी साडेतीनला मी पंखा बंद करून, घामानं निथळत, गाणी म्हणायची, गप्पा मारायची, आणि शेवटी माइकजवळ डबा हलवायची. फुटाण्यांचा आवाज कोरडा, दाणेदार. लाडू नुसते धप्प करून भिंतीवर आपटतात. मुरमुऱ्याचा चिवडा कुजबुजतो. रव्याची वडी चिकटून बसते आणि काहीच बोलत नाही, म्हणून ती सगळ्यात अवघड. भिलाईहून, बिलासपूरहून, नागपूरहून ओळखणाऱ्यांचे निरोप येत. चाळिशी उलटलेले पुरुषही लिहीत, ‘वैशालीकाकू, शंकरपाळे?’

पण आमचं खरं ऐकणं गल्लीपलीकडं, शशीकाकूंच्या पुढच्या खोलीत चालायचं. दुपारचं काम आवरून दहाबारा बाया तिथं जमत. एकच फोन, तो पितळी पातेल्यात उभा ठेवलेला, म्हणजे आवाज घुमून मोठा होतो. इंटरनेटवरचा आवाज थोडा मागून पोचतो. त्यामुळं मी एखादी गंमत सांगून पुढं गेलेली असे, निम्मं गाणं झालेलं असे, आणि तेवढ्यात गल्लीपलीकडून हसू यायचं. उशिरानं आलेलं ते हसू गादीतूनही ऐकू यायचं. कार्यक्रम संपला की मी तोच डबा घेऊन पलीकडं जायची. त्याच डब्यातली खिरापत खायला ज्या बाया बसलेल्या असत, त्या माझ्या श्रोत्या.

त्यात प्रभाकाकू. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, तेलीबांध्याला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नातू कॉलेजात. दुपारी तिथल्या लिफ्टचा आवाज सोडला तर त्यांच्याशी बोलणारं कोणी नाही, म्हणून रोज ऑटो करून बुढापाऱ्याला येत. डबा वाजला रे वाजला की सगळ्यांच्या आधी ओरडणार, आणि बहुतेक वेळा चुकणार. मी डबा उघडून दाखवला की वर माझ्याच अंगावर येणार. “माह्यं बरोबरच होतं वं. तुह्या डब्यानं खोटं सांगतलं,” म्हणत. मग त्यावर शशीकाकूंशी वाद, मग चहा, मग परत ऑटो. ऑटोवाला म्हणायचा, “दाई, आज जीते का हारे?” आणि काकू म्हणायच्या, “हव, जीत गेन.” रोज जिंकूनच जात.

आता पैशांकडं येते, कारण राग तिथूनच सुरू होतो. इंटरनेटवरच्या रेडिओलाही सर्व्हरचं भाडं असतं. हे म्हणायचे, “रेडिओ तुझा, पेन्शन माझी, हा संसार किती दिवस चालवायचा?” चेष्टेत म्हणायचे, पण म्हणायचे. तशा आमच्याकडं जाहिराती होत्या. गल्लीतला मसाला चक्कीवाला, एक साडीला फॉल लावणारी, एक मिठाईवाला. त्यांच्या जाहिराती मीच बोलायची, आणि मिरची घरी आणून रस्सा करून पाहिल्याशिवाय ती चांगली आहे असं मी कधी बोलले नाही. मिठाईवाल्याचे पेढे एकदा शिळे निघाले तर त्या आठवड्यात त्याची जाहिरातच बोलले नाही. तोही बिचारा चिडला नाही, ताजे पाठवून दिले. पण चक्कीवाला जाहिरातीपोटी हळद द्यायचा, आणि भाडं हळदीत घेत नाहीत.

तेव्हा कोणीतरी अवस्थींचं नाव सांगितलं. ते छोट्या रेडिओंना एका परदेशी कंपनीच्या जाळ्यात बसवून द्यायचे. आपण काही करायचं नाही, जाहिराती यंत्रच टाकतं, ऐकणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे पैसे येतात. माणूस गोड. मी त्यांना आमच्या बायांचं सांगितलं तर खो खो हसले.

“दीदी, एक फोन मतलब एक लिसनर.”

“अहो, पण तिथं दहाबारा जणी बसतात.”

“मशीन को बाइयाँ नहीं दिखतीं, दीदी. फोन दिखता है. सबको बोलिए अपने-अपने फोन पे सुनें.”

मी शशीकाकूंकडं जाऊन सांगितलं. आमच्या बायांना एखादी गोष्ट रेडिओसाठी करा म्हटलं की त्या करतात, आणि पूर्ण करतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आपापला फोन आणला. कोणी सुनेचा मागून आणला, कोणी नातवाचा पडलेला दुरुस्त करून आणला. एकीनं तर घरातले दोन आणले. शशीकाकूंच्या मुलानं लावून दिलेल्या एकाच वायफायवर ते सगळे जोडले, आणि त्याच खोलीत, तेवढ्याच सतरंजीवर, सगळ्या फोनांवर माजघर रेडिओ लागला.

प्रत्येक फोन आपापल्या चालीनं मागं-पुढं. एकावर मी गाणं सुरू करते आहे, दुसऱ्यावर संपवते आहे, तिसऱ्यावर खोकते आहे. डबा एकदाच हलवला होता, त्या खोलीत तो पाच मिनिटं वाजत राहिला. मी गेले तेव्हा प्रभाकाकू दोन्ही कानांवर हात ठेवून बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, “एवढ्या वैशाल्या कुठून आल्या वं?” पण बायांनी हे मुकाट्यानं रोज सोसलं. ऐकू काही येत नव्हतं. रेडिओला पैसे मिळतात ना, मग झालं.

आणि मग कंपनीचं इंग्रजी मेल आलं. ह्यांनी मोठ्यानं वाचलं, मग मराठीत सांगितलं. तुमच्या केंद्राचे श्रोते बनावट असल्याचं आमच्या लक्षात आलं आहे. एकाच जागेवरून, एकाच वेळी, एकाच पद्धतीनं ऐकलं जात आहे. खरी माणसं असं वागत नाहीत. सबब तुमचं खातं थांबवण्यात येत आहे.

खरी माणसं असं वागत नाहीत. हे वाक्य मी पोळ्या लाटताना म्हणून पाहिलं, भांडी घासताना म्हणून पाहिलं. एकाच जागी, एकाच वेळी, एकत्र बसून ऐकणं हे माणसांचं वागणं नाही, असं कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या यंत्रानं ठरवलं होतं. मग गणपतीची आरती कोण म्हणतं? पंगतीला कोण बसतं? मयताला माणसं जमतात ती बनावट असतात का? ज्याला दहा फोनांमागं दहा बाया दिसत नाहीत, त्यानं खरं-खोटं सांगायला बसावं, आणि आम्ही त्याच्याकडं अर्ज करावा, या उद्दामपणाला काय म्हणायचं ते मला आजही सापडलेलं नाही. मी तडक पलीकडं गेले आणि बायांना ते वाचून दाखवलं.

शशीकाकू पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “आपण खोट्या? मंग हे गुडघे काहून दुखून राहिले?”

सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

ह्यांनी अर्ज केला. फोन करायला नंबर नाही, भेटायला ऑफिस नाही, नुसत्या चौकोनात लिहायचं. काही दिवसांनी खातं सुरू झाल्याचं कळलं, सोबत सल्लाही, की श्रोते वेगवेगळ्या ठिकाणी असावेत. अवस्थींनी तो सोप्या शब्दांत सांगितला, “दीदी, सब अपने-अपने घर से सुनें. इकट्ठा मत बैठाइए.” नवरात्र सुरू झालं होतं, दिवाळीच्या जाहिरातींचा भर होता. बायांनी हेही केलं. रेडिओसाठी.

तो आठवडा मला विसरता येत नाही. साडेतीनला मी बोलायला बसायची, गंमत सांगायची, आणि सवयीनं थोडी थांबायची. गल्लीपलीकडून काही यायचं नाही. शशीकाकूंचं दार बंद. मांडववाल्यांचा भोंगा, एखादी स्कूटर, एवढंच. मी गादी लावलेल्या भिंतीशी बोलत होते. आणि संध्याकाळी हे फोनचा पडदा दाखवायचे, श्रोते वाढले, पैसे वाढले. कंपनीचं मेलही आलं, अभिनंदनाचं, तुमचा परिवार वाढतो आहे म्हणून. परिवार. बाया एकट्या झाल्या तेव्हा यांना परिवार दिसला.

त्या जाहिराती मला ऐकू येत नसत, हे लोकांना खरं वाटत नाही. यंत्र वाटेतच त्या घालतं, प्रत्येकीच्या फोनमध्ये वेगळ्या. माझ्याच घरातून निघालेल्या आवाजाला मधेच चिरून तिथं काय कोंबलं जातं, ते मला कळायची सोयच नव्हती. एकीनं सांगितलं, गाण्याच्या मध्ये सिमेंट आलं. दुसरीकडं कर्ज आलं. यंत्राला म्हणे शांतता दिसली की ती रिकामी जागा वाटते. आणि माझ्या कार्यक्रमातली सगळ्यात मोठी शांतता कोणती, तर डबा हलवून ‘ओळखा’ म्हटल्यानंतरची. ती मी बायांना विचार करायला म्हणून सोडायची.

त्या शांततेत प्रभाकाकूंच्या फोनवर एक जुगाराचा खेळ आला. ‘पहचानिए और जीतिए, अभी दबाइए.’ मागं एक गोड हसणारी बाई, आणि पडद्यावर हिरवं चकाकणारं बटण. काकू फ्लॅटमध्ये एकट्या. आदल्या क्षणी मी ओळखा म्हटलेलं, आता हीपण ओळखाच म्हणते आहे. त्यांना वाटलं, वैशालीनं ओळखायची नवी पद्धत काढली. मोठ्यानं ओरडायला आता समोर कोणी नव्हतं, म्हणून दाबायचं असेल. त्यांनी दाबलं. पुढं जे जे विचारलं त्याला होय म्हटलं. माजघर रेडिओ विचारतो आहे म्हटल्यावर नाही कशाला म्हणतील त्या?

खात्यातून किती पैसे गेले तो आकडा मी लिहीत नाही. मुलानं तो मला फोनवर दोनदा ऐकवला. तो काही वाईट माणूस नाही. त्याचा आवाज चढलाही नाही. “आंटी, मम्मी को इन सब से दूर रखिए प्लीज़. उनके बस का नहीं है.” त्यानं त्यांचा फोन काढून घेतला आणि साधा बटणांचा दिला, ज्यावर रेडिओ लागत नाही. त्याच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं, आणि याचाच मला जास्त संताप येतो. चोर कुठं बसलेत ते ठाऊक नाही, आणि शिक्षा मिळाली ती घरातल्या म्हातारीला.

मी अवस्थींच्या ऑफिसात गेले. त्यांनी थंड पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दीदी, बुरा मत मानिए, बटन तो उन्होंने खुद दबाया न. और एक बात बताऊँ? उस दिन आपके चैनल का रिस्पॉन्स सबसे बढ़िया था.”

पाण्याचा ग्लास मी टेबलावर ठेवला, पालथा. फायली भिजल्या असतील तर भिजू देत. बारा बाया सतरंजीवर बसून गात होत्या तेव्हा यंत्राच्या लेखी त्या बनावट होत्या. एकटी, गोंधळलेली, फसवली जाणारी प्रभाकाकू मात्र त्याला खरी वाटली. माणूस खरा आहे की नाही हे त्याच्या खिशात हात घातल्यावर ज्यांना कळतं, त्यांच्याकडून माझ्या श्रोत्यांची मोजणी मला नको होती. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता बंद करा ते सगळं. ह्यांनी लगेच बंद केलं. पेन्शनचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी शशीकाकूंचं दार उघडलं आणि पितळी पातेलं परत मधोमध आलं. भाडं आता भिशीच्या पैशांतून निघतं, चक्कीवाला हळद देतोच आहे. पलीकडून हसू पुन्हा उशिरानं येतं. त्यात एक हसू कमी असतं.

मी फोन केले. “पाय दुखते वं.” “ऑटोवाला नाही आला.” “आज सून घरी आहे.” प्रभाकाकूंना कोणी अडवलं नव्हतं. मुलानं बुढापाऱ्याला जाऊ नको असं कधीच म्हटलं नाही. तरी त्या आल्या नाहीत. कोजागिरी गेली, दिवाळी गेली, संक्रांतीचं हळदीकुंकू गेलं. ज्या बाईनं जन्मात चूक कबूल केली नाही, तिला लाज शिकवून ते लोक केव्हाच दुसऱ्या कुठल्या तरी म्हातारीकडं निघून गेले होते.

या वर्षी पौर्णिमेला भुलाबाई मांडली, कार्यक्रम केला आणि डबा पिशवीत घालून सरळ ऑटोनं तेलीबांध्याला गेले. काकूंनीच दार उघडलं. वाळल्या होत्या. सोफ्याच्या अगदी कडेवर बसल्या, दुसऱ्याच्या घरी बसावं तशा. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “माह्यामुळं रेडिओचं काही नुकसान तं नाही ना झालं?”

मला इतका राग आला की डोळे भरून आले. पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्यासमोर हलवला.

त्यांनी मान हलवली. “तूच सांग बाई, काय आहे ते. मले नाही समजत आता. माह्यं चुकते.”

“मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही.”

“मंग ठेव तिकडं.”

मी डबा मांडीवर घेऊन बसले. त्यांनी पदराचं टोक दुमडलं, उलगडलं. खालच्या रस्त्यावर कोणाचा तरी हॉर्न वाजत होता. लिफ्ट वर आली, थांबली, खाली गेली. मी उठले नाही. त्यांनी पाणी विचारलं, मी नको म्हटलं. मग मीच डबा पुन्हा हलवला, जरा जोरात. थोड्या वेळानं आणखी एकदा.

“काहून डोकं खाऊन राहिली वं?” त्या एकदम उखडल्या. “फुटाणे असतील, दुसरं काय असणार? सोनं थोडंच आणलंस?”

“चूक,” मी म्हटलं.

त्या सोफ्याच्या कडेवरून सरकत माझ्या अगदी जवळ आल्या, कानावरचे केस मागं सारले आणि म्हणाल्या, “मंग नीट हलव ना.”